पहिली चकमकीची रायफल घडवताना पटाश्या कोणत्या घ्याव्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेनसिल्व्हेनियात राहायला आल्यावर मला लाँगरायफल घडवायचा नाद लागला. चार पूर्ण झाल्या, पाचवीचा दस्ता सध्या व्हाइसमध्ये आहे. अमेरिकेतले मराठी मित्र हे काम बघायला येतात आणि थोड्याच दिवसांत फोन करून विचारतात, "मलाही करायची आहे, पण पटाश्या कोणत्या घेऊ?" प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

चकमकीची रायफल म्हणजे नेमकी कोणती बंदूक?

तोंडातून दारू आणि गोळी ठासायची ती ठासणीची बंदूक. तिच्यात दारू पेटवायला जळता तोडा असेल तर ती तोड्याची, आणि घोड्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडत असेल तर ती चकमकीची. ठिणगी रंजकावर, म्हणजे बाहेर ठेवलेल्या चिमूटभर दारूवर पडते, रंजकाची आग कानाच्या, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून आत जाते आणि बार उडतो. आपल्याकडेही ही बंदूक होती. महादजी शिंद्यांच्या कवायती कंपूंकडे चकमकीच्या बंदुका होत्या, पण त्या आतून गुळगुळीत नळीच्या.

इथे विषय आहे तो अमेरिकी लाँगरायफलचा. अठराव्या शतकात जर्मन बोलणारे कारागीर आग्नेय पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या आसपास, येऊन वसले. त्यांनी आपल्या आखूड, जाड नळीच्या शिकारी रायफलीला हळूहळू लांब आणि सडपातळ केलं. अष्टकोनी नळी बहुधा ४२ ते ४६ इंच, आतून आटे पाडलेली. दस्ता मेपलचा, नळीच्या टोकापर्यंत गेलेला, पितळी साज आणि गालाच्या बाजूला उठावाची नक्षी. याच बंदुकीला पुढे केंटकी रायफल हे नाव पडलं, पण तिचं माहेर पेनसिल्व्हेनिया.

मी पुण्यात (किंवा नागपुरात, रत्नागिरीत) राहतो. घरी करता येईल का?

नाही. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा गुन्हा आहे, आणि ठासणीची बंदूक त्यातून सुटत नाही. कोकणात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचे परवाने मिळतात, पण तो परवाना बाळगण्याचा, बनवण्याचा नव्हे. अमेरिकेत १९६८ च्या संघीय कायद्याने तोंडातून भरायच्या, काळ्या दारूच्या अशा बंदुकांना नेहमीच्या बंदुकांपेक्षा वेगळं धरलं आहे. तरीही राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, तेव्हा आपल्या राज्याचा नियम वाचल्याशिवाय नळी मागवू नका.

भारतातल्या वाचकांना यातला पटाश्यांचा, धारेचा आणि नक्षीचा भाग कुठल्याही लाकूडकामाला तसाच लागू पडेल.

एकूण किती पटाश्या लागतात?

पहिल्या रायफलला आठ. त्यातल्या सहा सुरुवातीला आणि दोन नक्षीची वेळ आली की.

नवीन माणूस रायफलवरची नक्षी बघून मोहात पडतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्या वेलबुट्टीसाठी तो बारीक गोल पटाश्यांचा ढीग घेऊन येतो. प्रत्यक्षात पहिल्या रायफलवर पटाशी हातात असते तो बराचसा वेळ खाचा कोरण्यात जातो. नळी, तिच्या मागची शेपटी, लॉक (घोडा आणि चकमक असलेली यंत्रणा), चापाची पट्टी, चापाचं कडं, दस्त्याची पितळी टाच, गजाच्या (बार ठासायच्या काठीच्या) नळकांड्या, हे सगळं लाकडात बसवायचं असतं. दाराच्या चौकटीत बिजागरी बसवताना सुतार जी खाच पाडतो तेच हे काम. फरक इतकाच की इथे आकार वळणावळणाचे असतात आणि फटीत कागदाचा कपटासुद्धा जाता कामा नये. नक्षी शेवटच्या आठवड्याची गोष्ट, आणि ती केली नाही तरी रायफल रायफलच राहते. टेनेसीच्या डोंगराळ मुलखातल्या कितीतरी जुन्या रायफली लोखंडी साजाच्या आणि बिननक्षीच्या आहेत. मला त्या फार देखण्या वाटतात.

म्हणून खरेदी खाचकामासाठी करा:

- सरळ पटाश्या तीन: ३, ६ आणि १२ मिमी.
- गोल पटाश्या तीन: ३ नंबर ८ मिमी, ५ नंबर ८ मिमी, ७ नंबर ६ मिमी.
- नक्षी करायची ठरलीच तर आणखी दोन: ६० अंशांची बारीक व्ही पटाशी आणि ८ मिमीची तिरकी पटाशी.

यात एखादी बदलू शकते, कारण तुमच्या लॉकची गोलाई माझ्या लॉकपेक्षा वेगळी असेल. ती कशी मोजायची ते पुढे लिहिलं आहे.

दुकानात बारा पटाश्यांचा संच स्वस्तात मिळतोय. तो घेऊ का?

घेऊ नका. मी घेतला होता. दिसायला सुरेख, लाकडी डबा, प्रत्येक पटाशीला वार्निश केलेली मूठ. पाइनवर चालल्या. मेपलवर पहिल्याच दिवशी ६ मिमीच्या पटाशीची धार दुमडली, पुन्हा लावली, पुन्हा दुमडली. पोलाद नरम होतं. मग जोर वाढवावा लागला, आणि जोर वाढला तशी लॉकच्या मागची कड उडाली.

पोलाद चांगलं असलं तरी बाराच्या संचात तुमच्या कामाच्या चारच निघतात. उरलेल्या आठ मूर्ती किंवा वाट्या कोरणाऱ्याच्या असतात. त्याच पैशात चांगल्या तीन घ्या, काम सुरू करा, आणि एखादी जागा अडली की चौथी आणा.

पटाशीवर ५/८, ७/६ असे आकडे असतात. त्यांचा अर्थ काय?

पहिला आकडा वक्रतेचा, दुसरा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. वक्रता १ म्हणजे सपाट. आकडा वाढेल तशी खोली वाढते, ९ पर्यंत जवळजवळ अर्धवर्तुळ होतं, आणि ११ ची पटाशी इंग्रजी यू अक्षरासारखी खोल असते.

यात दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे नंबर तोच असला तरी रुंदी बदलली की वर्तुळ बदलतं. ५ नंबरची ८ मिमी आणि ५ नंबरची २० मिमी एकाच वर्तुळाचे तुकडे नाहीत, मोठीचं वर्तुळ मोठं असतं. दुसरं म्हणजे स्विस आणि इंग्रजी आकड्यांची पद्धत जुळत नाही. इंग्रजी यादीत २ नंबर म्हणजे तिरकी पटाशी, तर स्विस पद्धतीत २ नंबर म्हणजे किंचित गोलाईची. त्यामुळे इंग्रजी पुस्तकात वाचलेला नंबर स्विस कंपनीच्या यादीत आंधळेपणाने शोधू नका. व्ही पटाशी तर नंबर न बघता कोन बघूनच घ्यावी.

मग माझ्या लॉकला कोणती गोलाई लागेल हे कसं कळणार?

लॉक हातात आल्याशिवाय गोल पटाश्या घेऊच नका.

लॉकमधले आतले भाग काढा, नुसती प्लेट कागदावर ठेवा आणि टोकदार पेन्सिलने कडेने रेघ काढा. शेपटीची, चापाच्या कड्याची, दस्त्याच्या टाचेची अशीच रेघ काढा. चांगले विक्रेते पटाश्यांच्या धारांचे खऱ्या मापाचे तक्ते देतात. तो तक्ता छापून घ्या (छापताना माप लहान-मोठं झालं नाही ना ते पट्टीने तपासा) आणि तुमच्या रेघेवर ठेवून उजेडासमोर धरा. जी वक्रता रेघेवर बसते ती घ्या. अगदी तंतोतंत मिळाली नाही तर प्लेटच्या वळणापेक्षा किंचित जास्त वाकलेली पटाशी घ्यावी. तिने छोटे-छोटे दाब देत वळण पूर्ण करता येतं. चपटी घेतली तर तिची टोकं रेघेबाहेर लाकडात घुसतात.

सरळ पटाशीची रुंदी ६ मिमीच का? १० मिमीची जास्त उपयोगी नाही का?

याचं उत्तर नळीच्या भूमितीत आहे. अष्टकोनाची एक बाजू म्हणजे समोरासमोरच्या बाजूंतल्या अंतराच्या सुमारे ०.४१४ पट. १३/१६ इंची नळी घेतली तर एक बाजू साधारण ८.५ मिमी येते, ७/८ इंचीला ९.२ मिमी, पूर्ण १ इंचीला १०.५ मिमी. नळीची खाच कोरताना पटाशी त्या पट्टीच्या आत सपाट बसायला हवी. १० मिमीची घेतली तर बहुतेक नळ्यांच्या पट्टीत ती मावणारच नाही, तिचे कोपरे शेजारच्या तिरक्या भिंतीला ओरखडे काढतील. ६ मिमीची सगळीकडे चालते. शिवाय चांगल्या नळ्या मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना जाड अशा असतात, तिथे ती पट्टी आणखी अरुंद होते.

१२ मिमीची पटाशी लॉकच्या बाजूंच्या सपाट भिंती आणि टाचेची बैठक सारखी करायला. ३ मिमीची चापाच्या पट्टीला आणि लॉकच्या आतल्या कोपऱ्यांना. ३ मिमीची एकच गोष्ट सांभाळायची, तिचा पहारीसारखा वापर करून लाकूड उचकटायचं नाही. ती मोडते. माझी एक मोडली आहे.

लॉक बसवण्याचं काम जरा सविस्तर सांगाल?

सांगतो, कारण पटाशीची खरी परीक्षा इथेच असते.

नळी आधी बसलेली असते. लॉक कुठे येणार हे नळीवरून ठरतं, कारण रंजकाची जागा कानाच्या छिद्रासमोरच यावी लागते. प्लेट दस्त्यावर धरून धारदार सुरीने कडेची रेघ मारायची. पेन्सिलने नाही, पेन्सिलची रेघ जाड असते. सुरीचा काप म्हणजे पटाशीला टेकायला एक पायरीच होते.

मग गोलाईला जुळणारी पटाशी रेघेच्या केसभर आत उभी धरायची आणि हलकी ठोकायची, एक मिलिमीटरपेक्षा खोल नाही. पुढचा ठोका आधीच्या काप्याला अर्धा धरून. असं सगळीकडे फिरून झालं की ६ मिमीची सरळ पटाशी आडवी धरून आतलं लाकूड पातळ सालपटांनी काढायचं. पुन्हा उभे ठोके, पुन्हा आडवं. प्लेट थोडी आत गेली की तिच्या मागच्या अंगाला काळं लावायचं, दाबायचं, उचलायचं. लाकडावर जिथे काळा ठिपका उमटला तिथेच ती अडते आहे. फक्त तो ठिपका खरवडायचा. एक ठिपका, एक सालपट. शेवटच्या मिलिमीटरला माझ्या दोन संध्याकाळी जातात.

प्लेटचा जाड भाग नळीच्या बाजूला सर्व ठिकाणी टेकला की प्लेट बसली. त्यानंतर आतले भाग एकेक करून जोडायचे आणि प्रत्येकासाठी जागा करायची. मोठ्या स्प्रिंगच्या खालचं लाकूड ड्रिलने काढलं तर वेळ वाचतो, फक्त ड्रिलच्या टोकाची खोली आधी मोजा. त्या भागात दस्ता पातळ असतो आणि मागे गजाचं भोक असतं. जरुरीपेक्षा एक सालपटही जास्त काढू नका. लॉकच्या आत जितकं लाकूड उरेल तितका दस्ता मजबूत.

ते काळं कुठलं वापरता?

काजळ. विकत मिळणारी शाई चालते, दिव्याची काजळी तेलात खलूनही चालते, पण आजी तुपाच्या दिव्यावर ताटली धरून जे काजळ पाडायची त्यात एरंडेलाचा थेंब घातला की तेच. मी घरीच पाडतो. पातळ लावा, इतकं पातळ की धातू त्याखालून दिसावा. जाड थर दिला तर न टेकणाऱ्या जागीही डाग पडतो आणि तुम्ही चुकीचं लाकूड काढता. काम संपल्यावर डाग राहिले तर घाबरू नका, खाचेच्या आत ते कुणाला दिसत नाहीत.

गजाची खोबण कोरायला वेगळी पटाशी लागते?

गज बहुधा ३/८ इंची, म्हणजे ९.५ मिमीचा. पहिल्या रायफलला दस्ता घेताना नळीची खाच, गजाची खोबण आणि भोक आधीच केलेला घ्या. बहुतेक पुरवठादार करून देतात. मग फार तर ८ नंबरची १० मिमी पटाशी खोबण साफ करायला कामाला येते, आणि तीही खडबडीत कागद एखाद्या काठीला गुंडाळून भागते. स्वतः भोक पाडायचं असेल तर तो स्वतंत्र अभ्यास आहे. नळी आणि गजाचं भोक यांच्यामध्ये जेमतेम ३ मिमी लाकूड उरतं.

मेपल, अक्रोड की चेरी? लाकडाने पटाशीची निवड बदलते का?

निवड फारशी नाही, धार मात्र बदलते.

साखर मेपल कडक असतं, कठीणपणाच्या जांका मोजणीत सुमारे १४५०. तांबडं मेपल आणि चेरी ९५० च्या आसपास, काळा अक्रोड १०१०. तुलनेला आपलं सागवान १०७० च्या घरात येतं. म्हणजे सागवानावर हात बसलेल्या माणसाला अक्रोड ओळखीचा वाटेल आणि साखर मेपल जड जाईल.

पण कडकपणापेक्षा अवघड असतात ते कर्ली मेपलचे पट्टे. वाघाच्या अंगावरच्यासारखे दिसणारे ते पट्टे म्हणजे लाकडाच्या रेषा लाटेसारख्या वरखाली जाणं. प्रत्येक पट्ट्यात पटाशी अर्धा इंच रेषेबरोबर चालते आणि अर्धा इंच रेषेच्या उलट. बोथट पटाशी उलट्या जागी ढलपी उपटते. तिथे तिरकी पटाशी घ्यावी, किंवा सरळ पटाशी ढकलताना बाजूलाही सरकवावी, विळीवर भाजी चिरताना हात मागेपुढे जातो तसं. पट्टे फार दाट असलेला, महागातला दस्ता पहिल्या रायफलला घेऊ नका. साध्या पट्ट्याचं तांबडं मेपल किंवा अक्रोड घ्या. अक्रोडावर बारीक नक्षीची कड मेपलइतकी टिकत नाही, पण खाचा कोरायला तो फार मायाळू आहे.

नक्षीसाठी कोणत्या पटाश्या? आणि ती किती खोल असते?

खोल नसतेच, आणि हे संग्रहालयात जुनी रायफल तिरक्या उजेडात बघितल्याशिवाय पटत नाही. फोटोत गालामागचं ते वळणदार पान भरीव वाटतं. प्रत्यक्षात उठाव बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरच्या आसपास असतो. सगळी जादू सावलीची असते.

उठावाची नक्षी करायची तर दस्ता घडवतानाच त्या जागी दीड-दोन मिलिमीटर लाकूड जास्त ठेवावं लागतं: गालाच्या मागे, शेपटीभोवती, गज आत शिरतो तिथे. हे ठेवायला विसरलात तर नंतर फक्त कोरीव रेघा काढता येतात.

क्रम असा: पेन्सिलने नक्षी काढा. व्ही पटाशीने रेघेच्या बाहेरून चर पाडा. जुळणाऱ्या गोल पटाशीने रेघेवर उभे हलके दाब द्या, इथे हातोडी नको, हाताचा दाब पुरतो. मग ३ नंबरच्या पटाशीने बाहेरची जमीन उतरवत न्या. शेवटी पानावर त्याच पटाशीने पोटाकडून वळण द्या. कोपऱ्यांत तिरकी. बाकी काम खरवडण्याच्या पात्याचं.

दिवा नेहमी बाजूला, खाली ठेवा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली नक्षी दिसतच नाही. मी खोलीतले सगळे दिवे घालवून एकच टेबललॅम्प दस्त्याच्या उंचीवर आडवा ठेवतो, मग एक खरचटासुद्धा डोंगरासारखा दिसतो.

आखूड, तळहातात मावणाऱ्या मुठीच्या घ्याव्या की लांब?

खाचकामाला लांब, कारण त्यावर हातोडी चालते. नक्षीला आखूड हाताशी छान बसतात. दोन्ही घेण्याची ऐपत नसेल तर लांबच घ्या. लांब पटाशी पात्यावर बोटं टेकवून आखूडसारखी धरता येते, आखूडवर मात्र ठोकता येत नाही. ठोकायला जड हातोडा नको. पाव किलोची लाकडी हातोडी पुरते.

धार किती लावायची? विकत आणलेल्या पटाशीला असते ना?

काही कंपन्यांच्या असते, बहुतेकांच्या नसते, आणि कुणाचीही असली तरी आठवड्याभरात ती तुम्हालाच लावायची असते. पटाश्यांवर जेवढे पैसे घालाल त्यातला चांगला हिस्सा दगडांसाठी राखून ठेवा. धारेचे दगड नसलेल्या माणसाने आठ पटाश्या घेण्यापेक्षा दगड आणि तीन पटाश्या घ्याव्यात.

सरळ पटाशीची आधी पाठ. धारेकडची बोटभर जागा आरशासारखी सपाट व्हायला हवी. नवी पटाशी असली तरी हे एकदा करावंच लागतं, आणि कंटाळवाणं आहे. मग २५ अंशांचा उतार. पाण्याच्या १००० नंबरच्या दगडावर (नंबर मोठा तितका दगड बारीक) घासत राहायचं, पाठीला बोट आडवं फिरवून बघायचं. धारेच्या पूर्ण रुंदीभर बारीक खरखर लागली म्हणजे पोलादाची तार पलीकडे उलटली. ती आल्याशिवाय पुढच्या दगडावर जायचं नाही, नव्या माणसाचं शंभरातल्या नव्वद वेळा इथेच चुकतं. मग ४०००, मग ८०००, दोन्ही बाजूंनी. शेवटी चामड्याचा पट्टा, न्हावी वस्तरा पलटवतो तसा, हिरवी पॉलिश लावलेला. धार नेहमी मागे ओढायची, पुढे ढकलली तर पट्टा कापला जातो.

गोल पटाशी दगडावर मनगट वळवत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवायची. दोन्ही कोपरे गोल होऊ देऊ नका, कोपरे गेले की खाचेच्या कडा साफ येत नाहीत. आतली तार काढायला गोल कडेचा छोटा दगड मिळतो. त्याच्याऐवजी लाकडी दांडीला चामडं चिकटवूनही काम होतं.

परीक्षा मऊ पाइनवर करा, कडक लाकडावर नव्हे. पाइनच्या तुकड्यावर रेषेला आडवा काप घ्या. बोथट पटाशी मऊ लाकूड चेपते आणि काप पांढुरका, फाटका दिसतो. धार असेल तर काप मेणासारखा चमकतो. मेपलवर काम करताना मी दर दहा-पंधरा मिनिटांनी पट्टा पलटवतो. पटाशीला जोर लागू लागला की थांबायचं, हा नियम मी मोडला तेव्हा तेव्हा काहीतरी उडालं.

कंपन्या कोणत्या?

स्विस कंपनी फाइल (Pfeil), जर्मन टू चेरीज, इंग्लंडची ॲशली आइल्स या तिन्हींवर विश्वास ठेवता येतो. फ्लेक्सकट ही पेनसिल्व्हेनियातल्याच ईरी शहरातली, तिच्या आखूड पटाश्या नक्षीला हलक्या हाताच्या आहेत. सरळ पटाश्यांना चेक कंपनी नॅरेक्स किमतीच्या मानाने उत्तम. जुन्या बाजारात ॲडिसचा शिक्का असलेली शेफिल्डची पटाशी दिसली आणि पात्यावर खोल गंज नसेल तर सोडू नका. वरवरचा गंज चालतो. धारेजवळचा खड्ड्याखड्ड्यांचा गंज चालत नाही, कारण धार त्या खड्ड्यापर्यंत पोचली की तिथे खाच पडते.

गावाकडच्या सुताराकडून पटाश्या आणल्या तर?

सरळ पटाश्या जरूर आणा. जुन्या सुतारांकडे लोहाराने कमानपट्ट्याच्या पोलादापासून घडवलेल्या पटाश्या असतात, त्यातल्या काही फार सुंदर धार धरतात. मापं इंची-सुतातली असतात, दोन सुती पटाशी म्हणजे पाव इंच, ती आपल्या ६ मिमीच्या जागी चालते. गोल पटाश्यांचं मात्र वळण प्रत्येकाचं वेगळं, त्यामुळे आधी लॉकच्या रेघेचा कागद व्हॉट्सॲपवर न पाठवता प्रत्यक्ष घेऊन जा, फोटोत माप बदलतं. विमानात पटाश्या चेक-इनच्या सामानातच, धारेला पुठ्ठा आणि चिकटपट्टी गुंडाळून.

ढलपी उडाली तर? दस्ता वाया गेला का?

आधी हात थांबवा आणि ढलपी शोधा. जमीन झाडू नका. माझी पहिली ढलपी, लॉकच्या मागची, नखाएवढी होती आणि ती भुशात सापडायला पाऊण तास लागला. सापडली तर तीच जागा तिला सगळ्यांत चांगली जुळते. सुताराचा गोंद किंवा सरस लावून, मेणकागद ठेवून चिमट्याने दाबून रात्रभर सोडा. कर्ली मेपलवर नंतर रंग दिला की जोड शोधूनही दिसत नाही. हरवली तर त्याच दस्त्याच्या काढून टाकलेल्या भागातून, पट्टे जुळवून, तुकडा कापा. म्हणून दस्त्याचे सगळे मोठे तुकडे काम संपेपर्यंत एका डब्यात ठेवा.

हात कापायची भीती वाटते.

दस्ता व्हाइसमध्ये चामडं लावून घट्ट धरा, आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवा. दस्ता मांडीवर धरून कधीही कोरू नका.

सराव कशावर करावा?

त्याच जातीच्या लाकडाच्या फळीवर. दस्ता हातात यायच्या आधी मेपलच्या फळीत तुमच्याच लॉकप्लेटची खाच तीन वेळा कोरा. पहिली सैल होईल, दुसरीत एक कड उडेल, तिसरी बसेल. नक्षीसाठी एकच पान दहा वेळा काढा, वेगवेगळी दहा पानं एकेकदा नको.

जुनी, खरी कामं कुठे बघायला मिळतील?

लँकेस्टरजवळ लँडिस व्हॅलीच्या संग्रहालयात. नाझरेथजवळ जेकब्सबर्गला लाँगरायफलचं वेगळं संग्रहालय आहे, हेन्री घराण्याने पिढ्यानपिढ्या बंदुका घडवल्या तिथेच. त्याच परिसरात क्रिश्चन्स स्प्रिंगला अठराव्या शतकात मोरेव्हियन पंथीयांचं बंदुकांचं दुकान होतं, आंद्रेआस आल्ब्रेख्त तिथले उस्ताद. व्हर्जिनियात विल्यम्सबर्गला हाताने बंदुका घडवणारं दुकान आजही चालू आहे, तिथल्या कारागिरांना प्रश्न विचारलेले आवडतात. उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातल्या केम्प्टन गावी बंदुका घडवणाऱ्यांची जत्रा भरते. तिथे जाताना लॉकच्या रेघेचा कागद खिशात ठेवा. पटाश्या विकणारे तिथे असतात, आणि कागदावर पटाशी ठेवून बघू देतात.

रायफल पूर्ण झाली. लगेच बार काढू का?

आधी अनुभवी घडवणाऱ्याला दाखवा: नळीच्या मागचा पेच, कानाचं छिद्र, घोडा अर्धाच मागे ओढला तर लॉक त्याला तिथे नीट धरून ठेवतं की नाही. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर फक्त चकमकीच्या बंदुकीचा हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा बहुतेकांना डिसेंबरपर्यंत ती तयार हवी असते. घाई झाली तर त्या वर्षीचा हंगाम सोडा. लॉकची खाच तपासायला खोला, काजळाचा शेवटचा ठिपका उरला असेल तर तो आधी काढा.